मागील शॉकअपमधील दोष आणि जॉब कार्डावरील 'गैरवापर' या शेऱ्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : एटीव्हीच्या (रस्त्याबाहेर चालवायच्या, रुंद टायरच्या चारचाकीच्या) मागील शॉकअपमधील दोष, सोलापूर सेवा केंद्रात झालेली चुकीची जुळवणी आणि नाकारलेली वॉरंटी.

महोदय,

गेल्या दिवाळीत मी सोलापुरातील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून आपल्या कंपनीची स्पोर्ट प्रकारची एटीव्ही विकत घेतली. विजापूर रस्त्यावर हत्तूरच्या पुढे माझी साडेतीन एकर मुरमाड जमीन आहे. तिथे पीक धड येत नाही, म्हणून मी आणि माझ्या पुतण्याने मुरूम ओढून एक लहानसा ट्रॅक तयार केला आहे. त्यावर उड्या मारण्यासाठी तीन उंचवटे असून सर्वांत मोठा माझ्या कमरेइतका आहे. गाडी फक्त तिथेच चालते. सार्वजनिक रस्त्यावर ती कधीही उतरवत नाही, दुरुस्तीसाठी शहरात आणायची झाली तर छोट्या हत्तीवर चढवून आणतो. आणि नान्नजकडचे माळरान माळढोक अभयारण्याचे असल्यामुळे तिकडे ती नेण्याचा प्रश्नच येत नाही. हे सुरुवातीलाच लिहितो, कारण आपल्या सेवा केंद्राने माझ्या जॉब कार्डावर 'गैरवापर' असा शेरा मारला असून त्या एका शब्दाच्या आधारावर माझा वॉरंटीचा दावा फेटाळला आहे.

माझी मूळ तक्रार साधी होती. उंचवट्यावरून गाडी सुटताना तिचा मागचा भाग उसळत असे, तोंड खाली जात असे आणि पुढची चाके आधी जमिनीवर आदळत. मोठ्या उडीनंतर मागचा शॉकअप तळाला टेकल्याचा आवाजही येई. सेवा केंद्राने गाडी दोन दिवस ठेवून घेतली, १,८५० रुपये घेतले आणि 'आता तळाला बसणार नाही' असे सांगून परत केली. घरी आणून पाहिले तेव्हा प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी, कडी आटे संपेपर्यंत आवळलेली होती आणि टायरमध्ये तब्बल १८ पीएसआय हवा भरलेली होती. आपल्याच पुस्तिकेत या गाडीसाठी ४ पीएसआय दाब दिला आहे. एटीव्हीचा रुंद, मऊ टायर हाच पहिला धक्का पोटात घेतो, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्या हाती शॉकअप द्यावा का, असा प्रश्न मला तेव्हाच पडला.

त्यानंतर मी स्वतः मापे घेतली. जॅकवर गाडी उचलून मागची चाके अधांतरी लोंबकळत असताना मागच्या आसापासून वरच्या दांडीपर्यंतचे अंतर ६१ सेंटिमीटर भरले. मग गाडी जमिनीवर ठेवून दोन-चार वेळा दाबून घेतली आणि हेल्मेट, बूट, छातीचे कवच अशा पूर्ण पोशाखात पाय फूटपेगवर ठेवून मी बसलो, तेव्हा पुतण्याने धरलेल्या टेपवर तेच अंतर ५८ सेंटिमीटर आले. म्हणजे माझ्यासारखा ९२ किलोचा माणूस बसूनही गाडी जेमतेम ३ सेंटिमीटर दबली. मागच्या चाकाची एकूण हालचाल २४ सेंटिमीटर आहे. चालकाच्या वजनाने त्यातली साधारण पाव ते एक तृतीयांश, म्हणजे ६ ते ८ सेंटिमीटर वापरली जायला हवी. इतके दबणे नसेल तर खड्डा आला की चाक खाली जाऊन जमीन धरत नाही, आणि उंचवट्याच्या टोकावर ताणून बसलेली स्प्रिंग गाडीचे बूड आणखी जोरात वर फेकते. ज्या तक्रारीसाठी मी पैसे मोजले, तीच या जुळवणीने वाढली. प्रीलोड आवळल्याने गाडीची बसण्याची उंची बदलते, स्प्रिंगचा मूळ कडकपणा बदलत नाही. चालकाचे वजन जास्त असेल तर जास्त कडक स्प्रिंग बसवावी लागते. ही गोष्ट मी आपल्या तंत्रज्ञांना सांगितली असता त्यांनी 'साहेब, आम्ही रोज हेच करतो' असे उत्तर दिले, आणि ते खरे असावे.

पुढचे काम मीच केले. कडी सैल करून दबणे ७ सेंटिमीटरवर आणले, हवा ४ पीएसआयवर उतरवली आणि कॉम्प्रेशनचा, म्हणजे शॉकअप दबण्याचा वेग आवरणारा, स्क्रू एकेक क्लिक करत तीन क्लिक आवळला. शॉकअप किती दबला हे कळावे म्हणून रॉडवर बांधलेला केबल टाय मोठ्या उडीनंतर आता तळापासून सुमारे १ सेंटिमीटर अलीकडे थांबतो. तळाला टेकण्याचा प्रश्न संपला. उसळणे मात्र जसेच्या तसे राहिले, आणि माझी खरी तक्रार त्याबद्दलच आहे.

दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उघडावी हे रिबाउंडच्या स्क्रूने ठरते. तो पूर्ण बंद केला तर दाबलेली गाडी सावकाश, आळसावल्यासारखी वर यायला हवी आणि पूर्ण उघडला तर झटकन. माझ्या गाडीच्या या स्क्रूला २० क्लिक आहेत. पूर्ण उघड्यापासून चार-चार क्लिक बंद करत मी सहा ठिकाणी तपासणी केली. प्रत्येक वेळी पुतण्याने मागची दांडी पूर्ण वजनाने दाबून सोडली आणि मी मोबाइलवर चित्रण केले. सहाही चित्रफितींत गाडी एकाच वेगाने वर उसळते. सोलापूरच्या उन्हात शॉकअपचे तेल तापून पातळ होते आणि त्याचा आवर कमी होतो हे मला मान्य आहे. म्हणूनच ही तपासणी मी सकाळी सहा वाजता, गाडी रात्रभर उभी असताना केली. शिवाय रॉडवर तेलाचा ओलसर थर असून त्यावर मुरमाची धूळ चिखलासारखी चिकटलेली आहे. आतला व्हॉल्व्ह निकामी आहे की सील फुटून तेल उतरले आहे, हे शॉकअप उघडल्याशिवाय कळणार नाही. बाहेरून कितीही क्लिक फिरवले तरी हा दोष जाणार नाही, एवढे मात्र या तपासणीवरून स्पष्ट आहे.

याच दोषामुळे गेल्या महिन्यात मधल्या उडीवर माझा पुतण्या हँडलवरून पुढे फेकला गेला. अंगावर पूर्ण साहित्य असल्याने मनगट मुरगळण्यावर भागले.

आता 'गैरवापर' या शब्दाविषयी. आपण मला दिलेल्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर हीच गाडी चारही चाके हवेत असताना दाखवली आहे, आणि पुस्तिकेत उडीनंतर गाडी उसळत असेल तर रिबाउंड वाढवण्याची सूचना आहे. उडी मारण्यासाठी विकलेल्या गाडीने उडी मारली हा गैरवापर कसा ठरतो, याचे लेखी स्पष्टीकरण मला हवे आहे.

माझी विनंती अशी आहे की कंपनीच्या जाणकार तंत्रज्ञाने हा शॉकअप माझ्यासमोर उघडावा आणि दोष आढळल्यास तो वॉरंटीत बदलून द्यावा; जॉब कार्डावरील शेरा रद्द करावा; चुकीच्या जुळवणीसाठी घेतलेले १,८५० रुपये परत करावेत; आणि माझ्या वजनाला योग्य अशी मागील स्प्रिंग आपल्याकडे मिळते का व तिची किंमत किती, हे कळवावे. स्प्रिंगचे पैसे मी देईन, ते मी मागत नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तोपर्यंत गाडी शेतातल्या शेडमध्ये उभी असून शॉकअप मी उघडलेला नाही. खरेदीचे बिल, जॉब कार्ड व १,८५० रुपयांची पावती यांच्या प्रती आणि सहाही चित्रफिती सोबत जोडल्या आहेत.

आपला,
एक ग्राहक
सोलापूर