कलिंगात न कोरलेला लेख

प्रिय नंदू,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे ठीक आहेत. गुडघा दुखतो, साखर आटोक्यात आहे, झोप लागते. तब्येतीचं एवढं पुरे. लिहायला बसलो ते अशोकामुळे, आणि हे ज्याच्यापुढे मोकळेपणानं मांडावं असा तुझ्याशिवाय दुसरा कोणी नाही.

थोरांच्या चरित्रांचं ते पुस्तक तुला ठाऊकच आहे. अशोकाचं प्रकरण लिहून पाठवलं. संपादकांचा निरोप आला की प्रकरण छान उतरलंय, फक्त एक परिच्छेद काढा. कोणता ते तू न सांगता ओळखशील. तेरावा शिलालेख, म्हणजे ज्यात तो कलिंगातल्या संहाराबद्दल दुःख व्यक्त करतो तो, खुद्द कलिंगात कुठेच कोरलेला नाही, एवढंच मी त्यात लिहिलं होतं. संपादक म्हणाले, 'मुलांच्या मनातला अशोक याने लहान होतो.' त्यांचा हेतू वाईट नाही, माणूस सज्जन आहे. पण तो निरोप आल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

तू लगेच म्हणशील, 'मी तेव्हाच सांगितलं होतं.' सांगितलं होतंस. वाचनालयाच्या जिन्यात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात: 'राजाचा पश्चात्ताप हा राजकारणाचाच पुढचा अंक असतो.' मी तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही. पण तुझ्या त्या वाक्याला उत्तर द्यायचं तर आधी तो लेख नीट समोर ठेवायला हवा.

किती विलक्षण मजकूर आहे तो! राज्याभिषेकाला आठ वर्षं झाल्यावर कलिंग जिंकलं. दीड लाख माणसं तिथून हलवली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कित्येक पट मेली. हे आकडे शत्रूने लिहिलेले नाहीत, जिंकणाऱ्याने स्वतःहून खडकावर घातले आहेत. पुढे तो म्हणतो की त्यांतला शंभरावा, हजारावा भाग जरी आज मेला, तरी देवानांपियाला, म्हणजे 'देवांच्या लाडक्या'ला (लेखांत तो स्वतःला असंच म्हणवतो), ते असह्य वाटेल. आणि मला सगळ्यात जास्त हलवून सोडतं ते त्यानंतरचं. ज्यांना स्वतःला इजा झाली नाही, पण ज्यांचे मित्र, ओळखीचे, सोबती, नातलग संकटात सापडले, त्यांच्यासाठी तोही घावच, असं तो लिहितो. मेलेल्यांचा आकडा सांगणारे राजे एक वेळ सापडतील. जो वाचला त्याच्या मागे काय राहतं याचा विचार दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी एका सम्राटाने दगडात घालावा, याला जोड कुठे आहे, सांग.

तू त्याच लेखातलं पुढचं वाक्य काढशील, तेही मी जाणून आहे. अरण्यातल्या लोकांना तो तिथेच बजावतो की पश्चात्ताप झाला असला तरी माझ्या हातात बळ आहे, तेव्हा लाज बाळगा, नाहीतर मारले जाल. हो, हेही त्याचंच. हे वाक्य मी प्रकरणात ठेवलंय. त्याला संपादकांनी हात लावला नाही, याचं मला नवल वाटलं. धमकी चालते, थोर माणसाला ती शोभते असं आपण धरून चालतो. न बोलणं मात्र शोभत नाही.

आता धौलीचा खडक, कलिंगातला, म्हणजे आजच्या ओडिशातला. वरती दगडातून पुढचं अर्धं अंग बाहेर काढलेला हत्ती आणि खाली ओळीच ओळी. एक ते दहा लेख आहेत, चौदावा आहे. अकरा, बारा, तेरा नाहीत. कलिंगातच दुसरीकडे, जौगडलाही तसंच. त्यांच्या जागी दोन वेगळे लेख आहेत, आणि ते मी पुन्हा पुन्हा वाचतोय. 'सगळी माणसं माझी लेकरं' हे वाक्य तिथलं. आपण शाळेत ते सुविचारासारखं पाठ केलं, पण ते लिहिलंय कुणाला? कलिंगातल्या तोसली आणि समापा या नगरांच्या अधिकाऱ्यांना. हजारो जिवांचा कारभार तुमच्याकडे आहे, कुणालाही विनाकारण डांबू नका, छळू नका, अशी त्यांना ताकीद आहे. अधिकारी कशामुळे बिघडतो तेही मोजून सांगितलंय: मत्सर, चटकन येणारा राग, निष्ठुरपणा, घाई, सवयीचा अभाव, आळस, थकवा. थकवा, नंदू! दमलेल्या माणसाच्या हातून अन्याय होतो हे त्या राजाला कळत होतं. तिष्य नक्षत्राच्या दिवशी हा लेख वाचून दाखवा, मध्येही दाखवा, ऐकायला एकटाच माणूस असला तरी दाखवा, अशी सूचना आहे.

म्हणजे ज्यांचं घरदार उद्ध्वस्त केलं, त्यांच्यापुढे त्याने आपलं दुःख मांडलं नाही. त्यांच्या बोकांडी बसलेल्या अंमलदारांना मात्र वेसण घातली. एका रात्री मला वाटतं की हेच मोठं. ज्याचा मुलगा गेला त्याला राजाच्या काळजात काय चाललंय याच्याशी काय देणंघेणं? त्याला दाराशी येणारा शिपाई माणसासारखा वागायला हवा. दुसऱ्या रात्री वाटतं, अरे राजा, साऱ्या जगाला सांगितलंस, वायव्येकडे तिथल्या खरोष्ठी लिपीत कोरलंस, कंदाहारला ग्रीकमध्येसुद्धा घातलंस, आणि ज्यांना सांगायचं त्यांनाच तेवढं नाही?

इथे तू सन्नती काढणार. काढच. कर्नाटकात सन्नतीला जी शिळा मिळाली, देवीच्या मूर्तीखाली बैठक म्हणून वापरलेली, तिच्यावरही बारानंतर एकदम चौदावा येतो आणि पुढे तेच दोन वेगळे लेख. सन्नती काही कलिंगात नाही. तेव्हा कलिंगापासून मुद्दाम लपवलं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. नव्याने जिंकलेल्या मुलखांसाठी लेखांचा वेगळा संच असेल, त्यात तेरावा नसेल. हेही मी प्रकरणात लिहिलंय, एका ओळीत. पण त्याने माझी बोच जात नाही. संच वेगळा केला तो कुणीतरी ठरवूनच केला ना?

याच अस्वस्थतेत मी पुन्हा महाभारत उघडलं. (कर्णासाठी नाही. कर्णावरून आपला जो घसा बसायचा तो बसवायची माझी आता तयारी नाही. शिवाय त्या वादात एकदा तू माझी छत्री घेऊन तावातावाने निघून गेलास, ती अजून यायची आहे.) उघडलं ते स्त्रीपर्वासाठी. युद्ध संपलंय. धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, या संग्रामात किती मेले, तुला ठाऊक असेल तर सांग. आणि युधिष्ठिर आकडा सांगतो: 166 कोटी 20 हजार. शिवाय ज्यांचा पत्ताच लागला नाही असे 24 हजार 165. तो 165 बघ. अब्जावधींचा हिशेब आणि शेवटी 165! कवीने ती सुटी संख्या का ठेवली असेल? मला वाटतं, जिंकलेल्याला एकेक माणूस मोजावा लागतो हे दाखवायला. आणि तो मोजतोय कुणासमोर? ज्याचे शंभर मुलगे गेले त्या आंधळ्या बापासमोर. शांतिपर्वाच्या तोंडाशीच तो नारदाला म्हणतो की हा जय मला पराजयासारखा दिसतो. पण ते पुढचं. आधी त्याला धृतराष्ट्रासमोर उभं राहावं लागलं.

होमरच्या इलियडचं, ट्रॉयच्या युद्धावरच्या त्या ग्रीक महाकाव्याचं, चोविसावं पुस्तक तेच करतं. ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम रात्री शत्रूच्या, अकिलीसच्या तंबूत शिरतो आणि ज्या हातांनी त्याचे मुलगे मारले त्या हातांचं चुंबन घेतो. दोघं रडतात, एक आपल्या मुलासाठी, हेक्टरसाठी, दुसरा आपल्या बापासाठी आणि मारल्या गेलेल्या मित्रासाठी, पॅट्रोक्लससाठी. तुला हा प्रसंग नेहमी गोड वाटायचा, मला कधीच वाटला नाही. अकिलीस दासींना सांगतो की प्रेत बाजूला नेऊन धुवा, म्हाताऱ्याला दिसू देऊ नका. का? मुलाचं प्रेत बघून त्याला राग अनावर झाला तर मलाही होईल, आणि माझ्या हातून तो मारला जाईल. त्याला स्वतःच्याच हातांचं भय वाटतंय! म्हणून तो पाऊल जपून टाकतो, जेवू घालतो, अंत्यविधीला किती दिवस हवेत ते विचारतो आणि तेवढे दिवस लढाई थांबवायचं कबूल करतो. ट्रॉयच्या मैदानावर त्याने जे काही केलं त्या सगळ्याहून मला तो या तंबूत मोठा दिसतो.

आणि अलेक्झांडर. इससच्या लढाईत इराणचा सम्राट दरायस हरतो, त्याची आई अलेक्झांडरच्या ताब्यात येते, आणि तो भेटायला जातो तेव्हा ती अलेक्झांडर समजून त्याच्याहून उंच असलेल्या त्याच्या मित्राला, हेफेस्टियनला वंदन करते. चूक कळल्यावर ती ओशाळते. हा म्हणतो, तू चुकली नाहीस आई, हाही अलेक्झांडरच आहे. गोष्ट लिहिणारे त्याच्यानंतर कित्येक पिढ्यांनी झाले, त्यामुळे घडलं असेल तसंच लिहिलं असेल असं नाही. पण थीब्ससारखं ग्रीक शहर बेचिराख करणाऱ्या या माणसाला मोठं म्हणायचं, तर त्याला पराभूताच्या आईसमोर नेऊन उभं केल्याशिवाय त्या लेखकांना चैन पडलं नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आता माझं म्हणणं तुझ्या लक्षात आलं असेल. दंतकथा आणि काव्यं जिंकणाऱ्याला हरलेल्याच्या पुढ्यात आणतात आणि तिथे त्याचं माप घेतात. इतिहासात ही भेट बहुतेक वेळा होतच नाही. राजा लांबच्या खडकावर लिहितो, किंवा कवीकडून लिहवून घेतो. अलाहाबादचा तो स्तंभ आठव. अशोकाचे लेख त्याच्यावर आहेत, आणि त्याच दगडावर काही शतकांनी हरिषेणाने समुद्रगुप्ताची प्रशस्ती घातली. कोणकोणते राजे उखडले, दक्षिणापथातल्या कोणत्या बारा राजांना धरून सोडून दिलं, याची नावानिशी यादी आहे. राजाच्या अंगावरच्या शेकडो जखमांचं कौतुक आहे. दुसऱ्यांच्या जखमांबद्दल अवाक्षर नाही. पुढे जहांगीरनेही त्याच खांबावर आपली वंशावळ घातली. तीन बादशाही माणसं एका दगडावर, आणि तिघांत दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब ठेवणारा एकच.

तू टॉलस्टॉयचा माणूस. तुझ्या लेखी थोर माणूस म्हणजे घटनेला चिकटवलेली चिठ्ठी. इंग्रजी लेखक कार्लाइलने 1840 साली लंडनमध्ये थोर पुरुषांवर व्याख्यानं दिली, जगाचा इतिहास म्हणजे थोरांचं चरित्र असं ठासून सांगितलं, आणि तू त्याचं पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं होतंस. मला दोघंही पुरत नाहीत. चिठ्ठी म्हटलं तर तेराव्या लेखातलं ते वाक्य कुणाचं? चिठ्ठीला पश्चात्ताप होत नाही. आणि कार्लाइलच्या माळेत बसवायचं तर अशोकाला आधी घासूनपुसून गुळगुळीत करावं लागेल. संपादकांना नेमकं तेच हवंय.

मला तो गुळगुळीत नकोय. शतकानुशतकं त्याची अक्षरंच कुणाला वाचता येत नव्हती. 1837 मध्ये प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने ती लावली, तरी 'देवानांपिय' म्हणजे अशोक हे लेखातल्या नावानिशी पक्कं व्हायला 1915 साली कर्नाटकातला मस्कीचा लेख सापडावा लागला. इतकं विसरलं जाऊनही तो परत आला तो त्याच्या स्वतःच्या शब्दांमुळे. मग जिथे ते शब्द नाहीत तेही मुलांना कळू दे. सोळा-सतरा वर्षांची मुलं ती, त्यांना झेपेल. उलट एखादी पोर धौलीला जाईल, हत्तीखाली उभी राहील आणि मार्गदर्शकाला विचारेल की तेरावा कुठाय? तो प्रश्न विचारणारं एकजण तयार झालं तरी माझं पुस्तक कारणी लागलं.

म्हणून परिच्छेद काढायचा नाही असं ठरवलंय. संपादकांना परवा तसं कळवतो. पुस्तक अडेल कदाचित, किंवा अशोकाचं प्रकरणच गाळतील. गाळू देत. पण त्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य मला अजून लागत नाहीये. आत्ता ते असं आहे: 'कलिंगातल्या लोकांना त्याने क्षमेऐवजी न्यायाचं वचन दिलं.' हे फार त्याच्या बाजूचं झालं का? वचन पाळलं गेलं का याचा पुरावा आपल्याकडे नाही, मग वाक्याला एवढा डौल कशाला? प्रकरण सोबत जोडलंय. नेहमीसारखा लाल पेन घेऊन बस आणि माझी भीड ठेवू नकोस.

तुझ्या डोळ्याचं काम नीट झालं हे वहिनींकडून कळलं, तेव्हा हे सगळं एका दमात वाचू नकोस. सईला नवी नोकरी मानवली का? दामूचा फोन आला होता, तो परत कविता करायला लागलाय, तुलाही पाठवील, चांगल्या आहेत. घर बदलायचं तुमचं काय ठरलं ते कळव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

संपादकांना मी परवा लिहिणार, तेव्हा त्या वाक्याबद्दल त्याआधी कळलं तर बरं.

तुझा,
अवी