तुझा आवाज सापडलाय

प्रिय दिग्या,

दोन वर्षं ना फोन, ना पत्र. मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तिथेच आहे.

अण्णा सापडले. म्हणजे त्यांचा आवाज. 2009 मध्ये माझ्या त्या डबड्या फोनवर आपण रेकॉर्ड केलं होतं, छापखान्यातले खिळे कसे जुळवायचे ते सांगतायत ते. 47 मिनिटं. जुन्या सीडीत एएमआर फाइल (जुन्या फोनांचा आवाजाचा प्रकार) निघाली आणि माझ्या लॅपटॉपला ती काही केल्या उघडेना. शेवटी झक मारत तुझा तो नारिंगी शंकू, म्हणजे सगळ्या फायली वाजवणारा व्हीएलसी प्लेअर, उतरवायला गेलो. शोधात सगळ्यात वर जे आलं त्यावर क्लिक केलं, ती निघाली जाहिरात. व्हीएलसी राहिला बाजूला, ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’ म्हणून बोंबलणारी पाटी तेवढी पदरात पडली. खरा पत्ता व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग. तू दहादा सांगितला होतास, माहितेय, गप्प बस.

मग मात्र एका क्लिकमध्ये अण्णा बोलायला लागले. ‘अक्षर उलटं वाचायला शीक, मग सुलटं आपोआप येतं.’ मी उठून दार लावून घेतलं.

पंख्याची घरघर फार होती, म्हणून ऑडॅसिटी हे आवाज संपादित करायचं सॉफ्टवेअर घेतलं. एएमआर उघडण्यासाठी त्याला एफएफएमपेग नावाचं जोडसॉफ्टवेअर वेगळं बसवून द्यावं लागतं, त्यात एक संध्याकाळ गेली. आवाज साफ करायचा तर आधी कोणीच बोलत नाही अशी दोन सेकंदं शोधायची, ‘हा नुसता गोंगाट’ असं त्याला दाखवायचं, मग तेवढाच गोंगाट सगळीकडून वजा होतो. तू खोलीत असताना अशी दोन सेकंदं शोधणं म्हणजे काय, ते मला विचार. पहिल्यांदा इतकं घासलं की अण्णा विहिरीच्या तळातून बोलल्यासारखे यायला लागले. अर्धी घरघर राहू दिली. साफ केलेली प्रत फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात, ठेवली, मूळ फाइलला हात लावला नाही.

आता खरं दुखणं. हे मला इंटरनेट आर्काइव्हवर, त्या सगळ्यांना खुल्या ऑनलाइन संग्रहात, टाकायचंय. माझ्या सीडीत राहिलं तर माझ्याबरोबर जाईल. माईंना विचारलं. शब्द अण्णांचे, तेव्हा हक्क त्यांच्या माणसांचा. त्या म्हणाल्या, टाक, पण कोणी त्याचे पैसे करता कामा नयेत. म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचा (आपलं काम इतरांना कोणत्या अटींवर वापरू द्यायचं ते सांगणारे तयार परवाने) बिगर-व्यापारी परवाना. पण तो लावला की विकिमीडिया कॉमन्सवाले, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रा-आवाजांच्या भांडारवाले, घेत नाहीत, त्यांना धंद्यासाठी वापरायचीही मोकळीक लागते. नुसतं नाव द्या आणि तुमचं कामही याच अटीवर मोकळं ठेवा, असा परवाना त्यांना चालतो. मला तोच पटतो. माईंना कसा पटवू? आणि परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही. पान काढून टाकशील, पण ज्याने घेतलं त्याचा हक्क राहतो. तीन रात्री त्या बटणापाशी जाऊन परत आलोय.

त्यात 31व्या मिनिटाला आपण दोघं. तू म्हणतोयस ‘मुक्त म्हणजे फुकट नव्हे’, मी ओरडतोय ‘फुकटचं ते पौष्टिक’, आणि अण्णा म्हणतात, ‘बाहेर जाऊन भांडा.’ ते कापू की ठेवू? तुझा आवाज आहे, तुझ्या हो शिवाय हलवणार नाही. मला विचारशील तर ठेवावं. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाला दोन्ही अर्थ, त्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरवाले 1983 पासून समजावतायत. आपल्याकडे दोन वेगळे शब्द असून मला कळायला इतकी वर्षं लागली.

तू माझ्या मशीनवर लिनक्स चढवलंस आणि प्रिंटर मेला, म्हणून मी तीन महिने बोललो नव्हतो. परवा वाचलं, मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या तुझ्या त्या स्टॉलमनचंही प्रिंटरवरूनच बिनसलं होतं. प्रिंटरचा सोर्स कोड मागितला, मिळाला नाही, म्हणून पठ्ठ्याने जगाशी उभा दावा मांडला. मी फक्त तुझ्याशी मांडला. माफ कर. लिब्रेऑफिस मात्र मी सुखाने वापरतोय. जुन्या फॉन्टमधल्या फायलींत अजून गिचमिड दिसते, त्याचा दोष तुझ्यावर नाही.

तुझी नवी नोकरी कशी? चिमणीचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार.

हां, एक राहिलंच. रात्री झोप येत नाही तेव्हा मी मराठी विकिस्रोतावर, त्या जुन्या पुस्तकांच्या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात, मुद्रितं तपासतो. अण्णांचीच सवय. डावीकडे मजकूर, उजवीकडे जुन्या पानाचं स्कॅन, आणि यंत्राने हटकून ‘घ’चा ‘ध’ केलेला. एकाने तपासलं की पान पिवळं, दुसऱ्याने तपासलं की हिरवं. स्वतःचं पान स्वतः हिरवं करता येत नाही, सोय मोठी शहाण्याने केली आहे. माझी 14 पानं पिवळी पडून आहेत. खातं उघड आणि बघ जरा. चुका काढशीलच, त्यात तुझा हात कोण धरणार.

31व्या मिनिटाचं आधी कळव.

तुझा,
नंदू