भिंत जिप्समची, गिट्टी विटेच्या भिंतीची

महोदय,

दसरा-दिवाळीच्या सवलतीत मोठे टीव्ही घरोघरी येतात. पाठोपाठ ते भिंतीवर लावून देणारा माणूस ड्रिल घेऊन येतो. त्याच्याजवळ ब्रॅकेट, चार स्क्रू आणि चार प्लॅस्टिकच्या गिट्ट्या असतात. हे सामान वीट किंवा काँक्रीटच्या भिंतीसाठी असते. हल्ली फ्लॅटमधल्या खोल्यांचे पार्टिशन बऱ्याचदा जिप्सम बोर्डाचे असते आणि पुट्टी-रंग झाल्यावर ते विटेच्या भिंतीसारखेच दिसते. घोटाळा इथेच होतो.

गिट्टी फुगून चारही बाजूंनी दाबली जाते, म्हणून विटेत घट्ट बसते. जिप्सम बोर्ड असतो साडेबारा मिलिमीटर जाडीचा. दोन कागदांमध्ये घट्ट झालेला तो जिप्समचा थर, आणि बोर्डाची ताकद बरीचशी त्या कागदांत. गिट्टी फुगली की आतल्या जिप्समची भुकटी होते आणि मागे पोकळी असल्याने गिट्टीला दाबायला काही उरत नाही. त्यात ड्रिल हॅमरवर (फिरता फिरता ठोके देणाऱ्या सेटिंगवर) ठेवले असेल तर मागचा कागद आधीच फाटलेला असतो. टीव्ही त्या दिवशी पडत नाही, म्हणून काम चांगले झाले असे वाटते. हळूहळू भोक खालच्या बाजूला रुंदावते, स्क्रूभोवती रंगाला बारीक गोल चीर पडते, ब्रॅकेटची वरची कड भिंतीपासून सुटते. त्या फटीत व्हिजिटिंग कार्ड सरकले, तर टीव्ही लगेच उतरवावा. भोकात आगकाड्या कोंबून किंवा एम-सील भरून तोच स्क्रू परत पिळणे हा उपाय नव्हे.

वजनापेक्षा ते भिंतीपासून किती लांब आहे, हे जास्त महत्त्वाचे. १६ किलोचा टीव्ही भिंतीला चिकटून बसणाऱ्या ब्रॅकेटवर असेल आणि त्याचे वजन भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर येत असेल, तर खालच्या-वरच्या स्क्रूंमध्ये २० सेंटिमीटर अंतर धरून वरच्या स्क्रूंवर बाहेरची ओढ साधारण ४ किलो येते. तोच टीव्ही ब्रॅकेटच्या पुढे ओढता येणाऱ्या हातावर ४५ सेंटिमीटर बाहेर काढला की ओढ ३६ किलो होते. वर हाताचे स्वतःचे वजन आणि टीव्ही फिरवताना बसणारा हिसका वेगळाच. त्यामुळे नुसत्या बोर्डावर फिरता ब्रॅकेट कोणत्याही अँकरने (स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लग किंवा बोल्टने) लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग धरायचे कशाला? बोर्डाच्या मागे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचे उभे सेक्शन असतात, बहुधा ६१० मिलिमीटर म्हणजे दोन फुटांवर. एखादे लहान लोहचुंबक भिंतीवरून हळूहळू फिरवावे. ते जिथे चिकटते, तिथे पुट्टीखाली स्क्रूचे डोके असते. एकाखाली एक असे तीन-चार स्क्रू सापडले की सेक्शनची रेषा मिळाली. स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत वर-खाली भोक पाडू नये, कारण वायरचा पाइप बहुधा तिथूनच जातो.

सेक्शन सापडले तरी दोन अडचणी उरतात. पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. तो स्क्रूचे खाली येणारे वजन पेलतो, पण बाहेरच्या ओढीला लवकर सोडतो. आणि ४३ इंची टीव्हीचे ब्रॅकेट जेमतेम दीड फूट रुंद असल्याने दोन फुटांवरच्या दोन सेक्शनांना एकदम पोचतच नाही. म्हणून आधी भिंतीवर १८ मिलिमीटरचा प्लायवूड लावावा. अडीच फूट रुंदीचा तुकडा दोन सेक्शन धरतो, सव्वाचार फुटांचा तीन. प्रत्येक सेक्शनवर चार-चार इंचांवर पाच-सहा ड्रायवॉल स्क्रू, लांबी ४५ मिलिमीटर. प्लाय आणि बोर्ड मिळून साडेतीस मिलिमीटर होतात, त्यापुढे पत्र्यात शिरायला टोक उरले पाहिजे. बोर्ड दुहेरी असेल तर ६० मिलिमीटरचे स्क्रू घ्यावेत. ओढ अशी दहा-बारा स्क्रूंवर वाटली जाते. ब्रॅकेट मग त्या प्लायला लावायचे. वर लॅमिनेट लावले की ते टीव्ही पॅनलच दिसते.

प्लाय नकोच असेल तर टॉगल बोल्ट वापरावेत. मागे आडवी होणारी धातूची पट्टी बोर्डाला पाठीमागून धरते. लहान टीव्ही आणि चिकटून बसणारे ब्रॅकेट असेल तर ते पुरतात. ते सेक्शनच्या पत्र्यातून आरपार घातले तर आणखी उत्तम. भोक पाकिटावर लिहिलेल्या मापाचेच, हॅमर बंद ठेवून पाडावे. पलीकडे बाथरूम असेल तर ओल आधी तपासावी. भिजलेला जिप्सम कोणताच अँकर धरत नाही.

सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकच्या) भिंतीची तऱ्हा वेगळी. तिथे भिंत भरीव असते, पण ब्लॉक ठिसूळ. हॅमर तिथेही बंद आणि साध्या गिट्टीऐवजी लांब नायलॉन प्लग.

यात दोन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. टीव्ही विकताना पत्ता आणि वेळ विचारतात, तसे ‘भिंत कशाची आहे?’ हेही विक्रेत्यांनी विचारावे, म्हणजे माणूस योग्य सामान घेऊन येईल. आणि नवे पार्टिशन करून घेणाऱ्यांनी बोर्ड मारण्यापूर्वीच टीव्हीच्या जागी दोन सेक्शनांमध्ये १८ मिलिमीटरचा प्लाय बसवून घ्यावा. जमिनीपासूनची उंची लिहून ठेवावी आणि उघड्या सांगाड्याचा, मापाची टेप लावलेला एक फोटो ठेकेदाराकडून मागून घ्यावा.

– अंतर्गत सजावटीचे काम करणारे सुतार व ठेकेदार, ठाणे