रोबोट द्यायचाच तर उचलाउचलीला द्या

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत घरातल्या रोबोटवर पानभर आलं होतं. दहा वर्षांत म्हणे घरोघरी रोबोट असणार, केर काढणार, कपड्याच्या घड्या घालणार, हातात चहा आणून देणार. वाचायला झकास वाटलं, पण सोबतच्या फोटोतलं घर बघितलं आणि म्हटलं हे काय आपल्या सोलापुरातलं नाही. ना उंबरा, ना मोरी, ना पाण्याची पिंपं. आमच्याकडं नळाला अजून रोज पाणी येत नाही, त्यामुळं जिन्याखाली, बोळात, स्वयंपाकघरात जागा मिळेल तिथं पिंप नाहीतर घागर, माणसालाच आडवं होऊन जावं लागतं तिथं रोबोट कुठनं जाणार.

केर काढणारा चकतीसारखा रोबोट तसा जुनाच आहे, रूम्बा २००२ साली आला. माझ्या भाचीनं पुण्याहून येताना तसलाच एक आणला होता, दाखवायला. मधल्या खोलीत सोडला, उंबऱ्याला थडकला, मागं वळला आणि खाली लोंबणाऱ्या चादरीच्या दशा चाकात गुंडाळून गप बसला. शेजारचं पोरगं दारातनंच, "काय करलालाय बे ते!" हसून हसून पुरेवाट. पण खरं सांगू का, केर काढणं हे माझं दुखणंच नाही, दहा मिनिटाचं काम ते.

दुखणं वेगळं आहे. सासूबाईंनी जन्मभर घरात बसून विड्या वळल्या, आता पॅरालिसिसनं एक बाजू गेली, अंथरुणाला खिळल्यात. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यांना उचलायचं म्हणजे एक गुडघा दिवाणावर टेकवायचा, त्यांचा चांगला हात आपल्या मानेभोवती घ्यायचा, काखेखालून आपला हात घालायचा आणि दम धरून एका झटक्यात बसवायचं, झटका कमी पडला की त्या घसरतात, जास्त झाला की कळवळतात. मिस्टर घरी असले की सोपं जातं, खाली आपली सोलापुरी चादर सरकवतो आणि दोघं दोन बाजूंनी धरून वर ओढतो, ती चादर काय फाटत नाही. पण ते यंत्रमागावर रात्रपाळीला, मग रात्रभर मी एकटी. कंबरेचा पट्टा आता मलाच लागलाय.

हे काम करणारा रोबोट कुणी केलाच नाही असंही नाही. जपानच्या रिकेन संस्थेनं २०१५ साली रोबेअर नावाचा अस्वलाच्या तोंडाचा रोबोट दाखवला होता, माणसाला पलंगावरून उचलून व्हीलचेअरवर ठेवणारा. त्याचंच वजन १४० किलो, आणि तो दुकानात काही आलाच नाही. कारण उघड आहे. बुद्धिबळात कॉम्प्युटरनं जगज्जेत्या कास्पारोव्हला १९९७ सालीच हरवलं, पण पटावरचं प्यादं कळवळत नाही. दुखरं अंग कुठं धरायचं, किती जोर लावायचा, कधी थांबायचं, हे हाताला कळावं लागतं, आणि तेच मशीनला शिकवणं महाकठीण. रोबोट पडला तर उचलून ठेवता येईल, सासूबाई पडल्या तर?

आता वन एक्स नावाच्या कंपनीनं २०२५ मध्ये निओ म्हणून माणसासारखा घरगुती रोबोट काढलाय, किंमत २० हजार डॉलर, म्हणजे सतरा लाखांच्या वर. आमच्या गल्लीत तेवढ्यात तीन पोरींची लग्नं होतील ते सोडा. त्यातली खरी गंमत पुढं आहे, त्याला न जमणारं काम आलं की कंपनीचा माणूस लांबून, रोबोटच्या कॅमेऱ्यातलं दिसणारा चष्मा डोळ्याला लावून, तो चालवतो. म्हणजे आमच्या म्हातारीचे कपडे बदलताना बघणारा कोण, कुठल्या देशातला, ते मला ठाऊक नसणार. घरात कामाला बाई ठेवली तर तिचं नाव-गाव, सासर-माहेर सगळं माहीत असतं की हो. घरकामगारांसाठी आपल्या राज्यानं २००८ साली कायदा केला, तसा या चष्मेवाल्यांसाठी नियम आधी करा आणि मग रोबोट आणा. मला रोबोट नकोय असं नाही, उलट सगळ्यात आधी मलाच पाहिजे, फक्त तो रात्री दोन वाजता उठून कूस बदलणारा पाहिजे. चहा मी करते.

आणि तोपर्यंत काय? हातानं पंप मारून वर उचलणारी, झोळी लावलेली पेशंट लिफ्ट मिळते, तिला ना इंटरनेट ना चष्मेवाला. दवाखान्यात एकदा बघितली, पण तिचे पाय पलंगाखाली जावे लागतात आणि आमचा दिवाण खालून पेटीचा. म्हणजे पलंगही बदलणं आलं. तरी चालेल. अशी लिफ्ट सोलापुरात भाड्यानं कुठं मिळते, महिन्याचं भाडं किती, घरी येऊन वापरायला कोण शिकवतं, तेवढं पुढच्या पुरवणीत छापा. आमच्या गल्लीतच दोन-तीन घरं विचारतायत.

आपली,
एक वाचक, साखर पेठ, सोलापूर