घंटागाडी येत नाही, तेथील कचरा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शहरांलगतच्या गावांत सर्रास कचरा जाळला जातो, ही तक्रार आपल्या वाचकपत्रांत वारंवार येते आणि ती रास्तच आहे. पुण्याच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायत क्षेत्रातील ज्या इमारतीत मी राहतो, तेथेही घंटागाडी येत नाही आणि पहिली दोन वर्षे आमचा कचरा ओढ्याकाठीच जाऊन पडत होता, हे आधी कबूल करतो. त्यानंतरच्या अनुभवावरून मात्र असे वाटते, की गाडी नसली तरी घरातील बहुतेक कचऱ्याला वाट काढता येते. जो थोडा उरतो, त्याचा बंदोबस्त कुटुंबाच्या आवाक्यात नसतो आणि पंचायतीकडे मागणी करायची ती नेमकी तेवढ्याचीच.

ओल्या कचऱ्याविषयी फार लिहीत नाही. तळाला भोके पाडलेले दोन माठ, भाजीच्या देठांवर प्रत्येक वेळी मूठभर सुका पालापाचोळा आणि विरजण म्हणून थोडे आंबट ताक एवढे पुरते. दुर्गंधी सुटली तर ओल जास्त झाली असे समजून पालापाचोळा वाढवावा. नारळाच्या करवंट्या मात्र माठात घालू नयेत, त्या लवकर कुजत नाहीत.

सुक्या कचऱ्यासाठी आमचा खरा आधार म्हणजे भंगारवाला. त्याला महिन्यातून एक ठरावीक दिवस दिला, प्रत्येक घराने रद्दी, पुठ्ठा, पत्र्याचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या वेगवेगळ्या बांधून ठेवल्या, की तो आनंदाने येतो. एकेका घराच्या किलोभर रद्दीसाठी त्याने टेम्पो का काढावा? पुठ्ठा भिजला की भाव पडतो, म्हणून पावसाळ्यात आम्ही तो जिन्याखाली ठेवतो. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवल्या तर त्याही वजनावर जातात. पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नये, तो पिशवीलाच लटकत राहू द्यावा, कारण सुटलेला चिमुकला तुकडा कोणीही वेचत नाही. राज्याच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशव्या अनामत रक्कम देऊन परत घेण्याची तरतूद होती. आमच्या दुकानदाराला मी त्याबद्दल विचारले, तेव्हा तो नुसता हसला.

आता उरलेल्याचे. वेफर्स आणि बिस्किटांची आतून चंदेरी असलेली वेष्टने प्लास्टिक व धातूचे थर एकमेकांना चिकटवून केलेली असतात. ते थर सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारात त्यांना किंमत नाही. थर्माकोल आणि फुटक्या काचेचीही तीच गत आहे. सॅनिटरी पॅड, डायपर, मुदत संपलेली औषधे आणि पारा असलेल्या जुन्या सीएफएल दिव्यांचे तर घरी काहीच करता येत नाही. आम्ही वेष्टने गोणीत भरून ठेवतो आणि गोणी भरली, की कोणीतरी गाडीच्या डिकीतून ती शहरातील संकलन केंद्रावर पोहोचवतो. हा उपाय नव्हे, केवळ निभावणे आहे.

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्यात प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्र उभारण्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. पंचायतीने दारोदार गाडी फिरवावी, असा आमचा हट्ट नाही. कुलूप लावता येईल अशी पत्र्याची एक शेड द्यावी, तेथे वेष्टने व काच स्वतंत्र साठवू द्यावी आणि महिन्यातून एकदा तो माल तालुक्याच्या केंद्रापर्यंत नेण्याचे भाडे सोसावे. सॅनिटरी कचऱ्यासाठी मात्र आठवड्यातून किमान दोन फेऱ्या हव्यात, कारण तो महिनाभर कोणत्याही शेडमध्ये ठेवता येणार नाही. या मागणीचा अर्ज आम्ही पंचायतीकडे दिला असून, तो ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेतला जावा एवढीच अपेक्षा आहे.

आपला,
एक वाचक, पुणे जिल्हा