फ्रेंच घेतलंय, रागावू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी नुसतं ‘बरं’ म्हणून फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहितेय. नोकरी सोडली. एम. ए.ला फ्रेंच घेतलंय. प्रवेश झाला, फीही माझ्या साठवलेल्या पैशांतून भरली. तुमची एफडी मोडायची नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

बाबा, तुमच्या मनात पोटापाण्याचा प्रश्न आलाच असेल. दादाच्या वेळेसारखं होणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत फ्रेंच आहे, पण सचिवालयाचं कामकाज इंग्रजी आणि फ्रेंच या दोनच भाषांत चालतं. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचंही तसंच. पश्चिम आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत सरकारी कारभार फ्रेंचमध्ये होतो, त्यामुळे तिथे काम करणाऱ्या मदतसंस्थांना भाषा येणारी माणसं लागतात. वर्गातल्या एकीला कॅनडात स्थायिक व्हायचंय, तिथे अर्जात फ्रेंचचे वेगळे गुण धरतात. एकाला इतिहासाची जुनी कागदपत्रं मुळातून वाचायचीत. मी डेल्फची, म्हणजे फ्रेंच येत असल्याच्या प्रमाणपत्राची, बी-२ पातळीची परीक्षाही देणार आहे. ते प्रमाणपत्र फ्रान्सचं शिक्षण मंत्रालय देतं आणि त्याची मुदत कधीच संपत नाही.

पण खरं सांगू? मला ती भाषा फार आवडते. शब्दांच्या शेवटची कितीतरी अक्षरं उच्चारतच नाहीत. ‘ती बोलते’ आणि ‘त्या बोलतात’ कानाला अगदी एकसारखं, लिहिताना मात्र वेगळं. बाई श्रुतलेखन घालतात तेव्हा बोलणारी एक की अनेक, हे मागच्यापुढच्या वाक्यांवरून ओळखायचं. मी वहीवर ओणवी होऊन ऐकत असते आणि आई, तुझी आठवण येते. तू स्वयंपाक करता करता मला शुद्धलेखन घालायचीस, मी ओट्याला टेकून लिहायचे. तो तास संपूच नये वाटायचं. आताही तसंच वाटतं.

इथे सगळं ठीक आहे. खोलीत भरपूर उजेड आहे, गरम पाणी मिळतं, डबा वेळेवर येतो. रात्री जागत नाही.

आता माझं ऐका. बाबा, बीपीची गोळी ‘नंतर घेतो’ म्हणून टाळायची नाही, आठवड्याच्या गोळ्या रविवारीच डबीत भरून ठेवा. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही, आणि माळ्यावरचं काढायला स्टुलावर चढायचं नाही म्हणजे नाही. परदेशाचं काहीही ठरलेलं नाही. ठरलं तर आधी तुम्हालाच विचारेन.

बाबांना राग आला असेल तर येऊ दे, पण फोनवर त्यांनी स्वतः बोलावं. मी संध्याकाळी सातनंतर मोकळी असते.

तुमची,
छोटी