शिकागोत विल्को ऐकताना

शिकागो

चि. अनीश यास अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालास की तीस वर्षांच्या जुन्या बँडला ऐकायला जाणे म्हणजे आपल्याच तरुणपणाची उजळणी करणे. दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा हा विषय नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. बाबा आणि मी रिव्हिएरात विल्को या शिकागोच्या रॉक बँडला ऐकून आलो. तिथे आजूबाजूची सगळी माणसे आज काय वाजते याकडे कान लावून उभी होती, आणि ते का, हे तुला नीट सांगावेसे वाटते.

रिव्हिएरा म्हणजे शिकागोच्या अपटाउन भागातले, १९१८ साली चित्रपटगृह म्हणून उघडलेले जुने थिएटर. शेजारचे भव्य अपटाउन थिएटर १९८१ पासून बंदच आहे. हे मात्र अजून गाजते आहे. अडीच हजारांच्या आसपास माणसे मावतात, वर बाल्कनीत खुर्च्या आहेत आणि खाली उतरत्या जमिनीवर उभे राहायचे असते. बाबांना गुडघ्यांमुळे बाल्कनी हवी होती, पण मी हट्टाने खालीच उभी राहिले, कारण मला वादकांचे हात दिसायला हवे होते.

त्यांचे ‘व्हाया शिकागो’ हे १९९९ च्या अल्बममधले संथ, उदास गाणे तू घरी ऐकले असशील. रंगमंचावर त्याचे रूपच पालटते. जेफ ट्वीडी आपला गिटार घेऊन शांतपणे गात असतो, आणि मध्येच ड्रमवरचा ग्लेन कॉटची आणि गिटारवरचा नेल्स क्लाइन असा काही कल्लोळ उठवतात की दिवे लखलखू लागतात, छातीत धडधडते आणि आता गाणे मोडून पडणार असे वाटते. ट्वीडी मात्र मान वर करत नाही, आवाज चढवत नाही, लय तसूभरही सोडत नाही. जॉन स्टिरॅटचा बेस त्याच्या सोबत चालत राहतो. वादळ ज्या क्षणी थांबते त्या क्षणी लक्षात येते की गाणे आपल्या जागीच होते. गाण्यातला माणूस भयंकर स्वप्ने पाहणारा आणि शिकागोमार्गे घरी परतणारा आहे. त्याच्या डोक्यातला गोंगाट शब्दांत सांगण्याऐवजी ही मंडळी तो ऐकवतात. शहराचे नाव आले तेव्हा खालच्या गर्दीतून जो हुंकार उठला, तो दुसऱ्या कुठल्या गावात तसा उठेल असे मला वाटत नाही.

आणि मग ‘इम्पॉसिबल जर्मनी’. २००७ च्या अल्बममधल्या या गाण्यात शब्द लवकर संपतात आणि पुढची सगळी जागा क्लाइनच्या गिटारला मिळते. मी मिरजेत बैठका ऐकत वाढले, म्हणून मला ती ख्यालातल्या बढतीसारखी ऐकू आली: आधी मोजके स्वर, त्यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा, मग त्याच स्वरांभोवती हळूहळू वाढत जाणारा विस्तार, आणि शेवटी बोटे दिसेनाशी होतील अशी द्रुत गती. हा भाग तो दर कार्यक्रमात नव्याने रचतो. पण माझे लक्ष अधिक गेले ते ट्वीडी आणि पॅट सॅन्सोन यांच्याकडे, कारण ते दोघे सगळा वेळ खाली एकमेकांत गुंफलेला साधा नमुना वाजवत, क्लाइनकडे बघत उभे होते. तो शिखरावरून उतरला तेव्हा तिन्ही गिटार एका ओळीत येऊन मिळाले. असे मिळणे वर्षानुवर्षे एकमेकांचे ऐकल्याशिवाय जमत नाही. क्लाइनचा जन्म १९५६ चा आहे, हेही तू लक्षात घे.

बँड सुरू झाला १९९४ मध्ये, पण त्या वेळचे ट्वीडी आणि स्टिरॅट एवढेच आज उरले आहेत. कीबोर्ड वाजवणाऱ्या मिकेल यॉर्गनसनसह हे सहा जण एकत्र वाजवू लागले २००४ पासून. त्याच वर्षी ट्वीडी वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनावर उपचार घेऊन बाहेर पडला होता; तीव्र अर्धशिशीने तो लहानपणापासून बेजार होता. त्या वर्षीच्या अल्बमला पुढे सर्वोत्तम अल्टरनेटिव्ह अल्बमचे ग्रॅमी मिळाले. मला मात्र पारितोषिकापेक्षा मोठी वाटते ती ही गोष्ट की तेव्हापासून या सहांपैकी कोणी सोडून गेलेले नाही.

त्याआधीची हकिकत तुला माहीत असावी. २००१ मध्ये ‘यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट’ तयार झाला तेव्हा त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने तो प्रकाशित करायला नकार दिला. बँडने हक्क स्वतःकडे घेतले आणि सप्टेंबरमध्ये पूर्ण अल्बम आपल्या संकेतस्थळावर फुकट ऐकायला ठेवला. एप्रिल २००२ मध्ये तो ननसच या कंपनीने काढला. ही कंपनीही पहिलीच्याच मालक समूहातली होती, म्हणजे एकाच घराने त्याचे पैसे दोनदा मोजले. पुढे त्याच्या पाच लाखांहून अधिक प्रती खपल्या. मुखपृष्ठावर मरीना सिटीचे ते दोन कणसांसारखे मनोरे आहेत, ज्यांच्या शेजारून तू नदीकाठी सायकल चालवायचास. लोकांना आवडेल असे काही करून द्या म्हणणाऱ्यांपुढे न वाकता त्यांनी आपले काम पुरे केले, याचा मला त्या रात्री फार अभिमान वाटला. आपल्या गावचा बँड म्हणताना माझ्या मनात हेच असते.

बोस्टनहून तुला शिकागोला यायला वेळ नसेल, तर मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ अॅडम्स या गावी, जुन्या गिरणीच्या आवारातल्या मास मोका संग्रहालयात ते ‘सॉलिड साउंड’ हा आपला महोत्सव भरवतात, साधारणपणे दोन वर्षांतून एकदा. तिथेही जरूर जा. तरी माझे मत विचारशील तर पहिल्यांदा इथेच ऐक. पुढचा हिवाळी कार्यक्रम जाहीर झाला की मी तिकिटे काढीन. सुट्टी कधी मिळते ते आधी कळव. कानात घालायचे बोळे मी आणीन, तू आवाज नियंत्रित करणाऱ्यांच्या टेबलाच्या जरा पुढे, मधोमध उभा राहा, म्हणजे तिन्ही गिटार वेगवेगळे ऐकू येतील.

तब्येतीची काळजी घे.

तुझी,
आई